मूठ पुढे

ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याच्या पोलिसांना सुऱ्याच्या वारातून जिवंत कसं सुटायचं ते शिकवलं, त्याला स्वतःच्या घरात कांदा धड कापता येत नसे. क्लेमेंटीन हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायची आणि तिचे यजमान, प्लासिड मास्तर, आपल्याबद्दल काही चाललंच नाही अशा चेहऱ्याने मिशी चाचपत बसायचे. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. पलटणीत असताना त्यांनी जवानांना नुसत्या हातांनी लढायला शिकवलं आणि निवृत्त होऊन राजोडीजवळच्या आपल्या वाडीत परतल्यावर पोलिसांना. त्याआधी इकडच्या पोलिसाला लाठी ठाऊक होती, शिट्टी ठाऊक होती, आणि समोरच्याने सुरा काढला की मागे वळून धूम ठोकणं ठाऊक होतं. सुरा धरलेलं मनगट कुठे पकडायचं, कोपर कुठल्या बाजूला वळवायचं, हत्यार आपल्या हातात कसं घ्यायचं, हे इथे पहिल्यांदा या माणसाने दाखवलं. त्यात थोडी कुस्ती होती, थोडं बॉक्सिंग होतं, आणि बरंचसं सरहद्दीवरच्या एका थंड पहाटेचं होतं, जेव्हा बंदूक अडकली आणि समोरचा संगीन घेऊन अंगावर आला. त्या पहाटेची खूण त्यांच्या उजव्या खांद्यावर होती. तिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. पकडीबद्दल मात्र विचारायची खोटी, जेवण निवेपर्यंत बोलत बसायचे.

घराच्या मागे, केळीच्या बागेला लागून, बावखलाच्या काठी त्यांनी मांडव घातला होता. आमच्या वसईत बागेला पाणी द्यायला जी गोड्या पाण्याची तळी खणलेली असतात, ती बावखलं. बाकीच्यांच्या बावखलाशी बायका कपडे धूत, मास्तरांच्या बावखलाशी हवालदार अंगाची माती धूत. मांडवात पेंढा भरलेल्या गोणपाटाच्या गाद्या होत्या आणि लाकडाच्या सुऱ्या होत्या. ठाण्याहून तुकडी यायची, एकाने वार करायचा, दुसऱ्याने हात अडवून सुरी काढून घ्यायची. मग पुन्हा, मग पुन्हा, घामाने गाद्या ओल्या होईपर्यंत. "डोक्याला विचारत बसू नका," मास्तर ओरडायचे. "डोकं म्हणजे सरकारी कचेरी. उत्तर येईस्तोवर माणूस मेलेला असतो. हाताला शिकवा!"

ते साल एक्क्याऐंशी. नाताळाला थोडा अवकाश होता. मोठे साहेब येऊन मांडव बघून गेले होते आणि राज्यातल्या सगळ्या पोलीस शाळांत हीच पद्धत लावायची असं वर घाटत होतं. मास्तर वरवर साधेच होते, पण रविवारी चर्चमधल्या मिस्साहून येताना त्यांची छाती दोन बोटं पुढे असायची, हे क्लेमेंटीनच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिलाही बरं वाटत होतं. अख्खा जन्म ज्याच्या पायी गेला, त्याचं चीज होताना बघायला कुणाला आवडणार नाही?

आणि नेमकी तेव्हाच कळंबच्या किनाऱ्यावर ती भानगड झाली.

हरिश्चंद्र हा मास्तरांचा सगळ्यात तयार चेला. कळंबचाच, मासेमारी करणाऱ्या घरातला, पोलिसात शिपाई झालेला. सुट्टी असली की वाडीवर यायचा, मास्तरांशी झटायचा आणि मग क्लेमेंटीनच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण ओरपायचा. मास्तर त्याच्याशी कधी गोड बोलले नाहीत, पण नव्या तुकडीपुढे काही करून दाखवायचं असलं की हाक त्यालाच असायची. त्या सकाळी चोरट्या मालाच्या टोळीतला पाक्या नावाचा गुंड किनाऱ्यावर दिसला म्हणून हरिश्चंद्र एकटाच त्याला धरायला गेला. पाक्याने सुरा काढला. हरिश्चंद्रने तो बघता बघता काढून घेतला. इथवर सगळं मास्तरांच्या मांडवातल्यासारखं झालं. पण मग हरिश्चंद्रने काय केलं, तर तोच सुरा पाक्याला परत दिला, आणि पाक्याने तो त्याच्या पोटात खुपसला.

हरिश्चंद्र वाचला, पण त्याची नोकरी वाचेल असं कुणाला वाटत नव्हतं. दवाखान्यातून बाहेर यायच्या आतच त्याला निलंबित केलं. अख्ख्या किनाऱ्यावर एकच बोलणं. टोळीचा हप्ता खात होता, धरल्याचं नाटक केलं, सुरा परत दिला, आणि हिशेबात काही फिसकटलं म्हणून पाक्याने त्यालाच भोसकलं. नाहीतर शुद्धीवरचा माणूस काढून घेतलेलं हत्यार चोराला परत देतो का? 

तो मास्तरांना भेटायला आला तेव्हा नीट ताठ उभासुद्धा राहू शकत नव्हता. पोटाला पट्टा, गालफडं बसलेली. क्लेमेंटीनने त्याला ओट्यावर बसवलं आणि पाणी आणायला आत गेली.

"मास्तर, मना कायच आटवत नाय," बाहेरून त्याचा आवाज आला. "सुरा हातात आला ता आटवते. मंग एकदम पोटात आग. मी कोनाकडना पैसा घेतला नाय. देवाशपथ नाय."

"मग दिलास का परत?" मास्तरांचा आवाज थंड होता.

"ठाव नाय."

"ठाऊक नाही! तुझा हात, तूच दिलास, आणि तुला ठाऊक नाही? चौकशीचे साहेब इथेच येणार आहेत. मला विचारणार आहेत, तुमच्याकडे शिकलेला माणूस असं चुकून करील का म्हणून. मी काय सांगू?"

 मास्तर उठले आणि त्याच्याकडे पाठ करून बागेत निघून गेले. क्लेमेंटीन तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तो पायऱ्या उतरत होता, एका हाताने पोट धरून. तिने हाक मारली तरी थांबला नाही. इतक्या वर्षांत तिच्या ओट्यावरून पाण्याशिवाय कुणी गेलं नव्हतं. तिला नवऱ्याचा असा संताप आला की तांब्यातलं पाणी तिने तुळशीला घालावं तसं जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं आणि दिवसभर त्यांच्याशी अक्षर बोलली नाही.

पण खरं सांगायचं तर त्या घडीला तिलाही कोडंच होतं. पोरगा खोटं बोलत नाही हे तिला आतून कळत होतं. मग सुरा दिला कसा? ते कोडं सुटलं कमळीमुळे.

कमळी कळंबहून मासळीची पाटी घेऊन यायची. ती घटना तिने बोंबील वाळत घालताना, हाकेच्या अंतरावरून पाहिली होती आणि साहेबांना सांगितलीही होती. आता ती दारोदार म्हावऱ्याबरोबर तीच गोष्ट विकत होती.

"मी सोता बगितला बाय," पाटी उतरवत ती म्हणाली. "पाक्याचा हात असा पिरगालला, का तो गुडघ्यावर आला. सुरा हरिश्चंद्राच्या हातात. आनी मंग त्यानी सुरा फिरवला न, मूठ फुडं करून त्याच्या हातात दिला. पाक्या पन येड्यासारका बगतच रायला. आनी मंग घुसवला."

"मूठ पुढे करून?"

"मूठ फुडं करून. पातं आपल्याकडं. तूच सांग, घाबरलेला मानूस असा सांभालून देल का? साहेब पन तेच बोलला. ठरलेला होता म्हून तर मूठ फुडं केली, बोलला."

क्लेमेंटीनच्या हातात पापलेट होतं. ते तिने तसंच पाटीत ठेवलं. मागे मांडवात नव्या तुकडीचा सराव चालला होता आणि मास्तरांचा आवाज येत होता. "वार! ... काढ! ... पुन्हा!" हा आवाज ती लग्नापासून ऐकत आली होती. तो तिला ऐकू येणंच कधीचं बंद झालं होतं.

"बाय, घेतेस का नाय?" कमळीने विचारलं.

"थांब जरा," म्हणून ती मागल्या दारी गेली आणि कुडाशी उभी राहिली.

एका शिपायाने वार केला. दुसऱ्याने मनगट धरलं, कोपर वळवलं, लाकडी सुरी काढून घेतली. आणि मग, अगदी सहज, सुरी हातात फिरवून मूठ पुढे केली आणि वार करणाऱ्याला परत दिली. दुसरी जोडी. वार, पकड, सुरी काढली, मूठ पुढे, दिली. तिसरी जोडी. कुणी त्या देण्याकडे बघतसुद्धा नव्हतं, मास्तरही नाही. त्यांच्या लेखी सुरी काढून घेतली की धडा संपला. परत देणं म्हणजे दोन वारांमधला दम खाणं. समोरच्याच्या हाती सुरी आल्याशिवाय तो पुन्हा वार कसा करणार?

क्लेमेंटीनने आपल्याच उजव्या हाताकडे पाहिलं.

कारण हे तिच्याही हातात होतं. छावणीतल्या खोल्यांत लग्नानंतरची पहिली वर्षं गेली तेव्हा मास्तरांना एखादी नवी पकड सुचली की ते तिला चुलीपासून उठवायचे. ती हातात लाकडी डाव घेऊन त्यांच्यावर चालून जायची, ते डाव काढून घ्यायचे, दांडा तिच्याकडे करून परत द्यायचे, "पुन्हा." तिकडे आमटी उतू जायची. ती लाजून हळूच मारायची तेव्हा ते चिडायचे. "अशी नको, क्लेमे. खोट्या वाराला हात उठत नाही. मनापासून मार." तेव्हापासून घरात सुरी असो, पळी असो, उलथनं असो, मास्तरांच्या हातून घ्यायची वस्तू नेहमी मूठ पुढे करूनच यायची. तिला ते त्यांचं सौजन्य वाटायचं. बायकांत ती कौतुकाने सांगायचीसुद्धा.

दुपारी जेवताना तिने विषय काढला. आडपडदा न ठेवता काढला, तीच तिची चूक झाली असेल. सरळ म्हणाली, "मास्तर, पोरानं सुरा परत दिला तो तुम्ही शिकवलंत म्हणून."

मास्तरांचा घास हातात राहिला. "काय म्हणालीस?"

"मांडवात बघा एकदा. काढून घेतात आणि परत देतात. दिवसभर तेच. याने तर किती वर्षं केलंय. मूठ पुढे करून दिला, कमळीने बघितलंय."

"ते सरावात, बाई! सरावात परत द्यावीच लागते. खऱ्या मारामारीत कोण देईल? वेडा?"

"हाताला काय कळतं सराव कुठला आणि खरं कुठलं? तुम्हीच सांगता ना, डोक्याला विचारू नका म्हणून. मग हाताने नाहीच विचारलं."

मास्तर ताटावरून उठले. संतापले की ते ओरडत नसत, त्यांचा आवाज खाली यायचा. "माझं अख्खं आयुष्य यात गेलंय, क्लेमेंटीन. माझ्याकडे शिकलेली माणसं सरहद्दीवर उभी आहेत. आणि एका हप्तेखोराला वाचवायला तू म्हणतेस, मी त्यांना मरायला शिकवलं? पुन्हा हा शब्द काढू नकोस." हात न धुताच ते बाहेर गेले.

संध्याकाळी दोघं घरच्या आल्तारापुढे रोजरीच्या जपमाळेला बसले. तिने प्रार्थना म्हटली, त्यांनी उत्तर दिलं, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. तिला एक दिसत होतं. मास्तरांना राग आला होता तो ती चुकली म्हणून नव्हे. ती बरोबर असली तर काय, या विचाराच्या दारापाशीच ते उभे होते आणि आत पाऊल टाकायची त्यांची छाती होत नव्हती. संगिनीला न भ्यालेला माणूस. तिला त्यांची कीव आली, आणि त्याचबरोबर हरिश्चंद्रचं ते पोट धरून पायऱ्या उतरणं आठवून पुन्हा संताप आला. उद्या साहेब येणार. मास्तरांच्या एका शब्दावर तो पोरगा एकतर पोलीस राहणार होता, नाहीतर जन्मभराचा चोर ठरणार होता. मग तिला आणि मास्तरांना कळंबच्या वाटेने कुठल्या तोंडाने जाता आलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी उपअधीक्षक धारप जीपने आले. बरोबर लिहून घ्यायला एक हवालदार. धारप बारीक, चष्मेवाले, कमी बोलणारे होते. मास्तरांच्या कामाबद्दल त्यांना मनापासून आदर होता आणि वर शिफारस करायची तीही त्यांच्याच सहीने जाणार होती. त्यांनी चौकशीला हरिश्चंद्रलाही बोलावलं होतं. तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. तुकडीतले शिपाई कडेने बसले. त्यांच्यापैकी कुणीही हरिश्चंद्रकडे बघत नव्हतं. काल-परवापर्यंत त्याचं नाव काढून मास्तर त्यांना लाजवायचे.

क्लेमेंटीन सकाळपासून बागेत होती. केळीचा लोंगर उतरवायचा होता, ते नुसतं निमित्त. हातात केळी कापायची सुरी होती, लाकडी नव्हे, दगडावर घासून धार लावलेली. काय करायचं ते तिने ठरवलं होतं आणि ठरवल्यापासून सुरी तीनदा खाली ठेवून पुन्हा उचलली होती. एक तर मास्तर आता पूर्वीचे राहिले नव्हते. उजवा खांदा थंडीत आखडायचा. डोळ्यांत पडदा येऊ लागला होता, सुईत दोरा तीच ओवून द्यायची. त्यांचा हात वेळेवर उठला नाही तर? आणि वार खोटा करून चालणार नव्हतं. खोट्या वाराला त्यांचा हात उठत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तेव्हा मारायचं तर खरंच मारायला हवं होतं, ज्याच्याबरोबर सगळं आयुष्य काढलं त्या माणसाला, दिवसाढवळ्या, पोलिसांच्या देखत. आणि समजा हात उठला, सुरी त्यांनी काढून घेतली, आणि परत दिली नाही? मग हरिश्चंद्र तर बुडलाच, वर मास्तरांची बायको वेडी झाली हे साऱ्या जिल्ह्याला कळलं असतं. तिने क्रूस केला. कपाळ, छाती, खांदे. सुरी हातातच असल्याने तो डाव्या हाताने करावा लागला.

मांडवात धारपांनी पाक्याचं, सुऱ्याचं, जखमेचं सगळं विचारून घेतलं. मग चष्मा काढून पुसला.

"मास्तर, आता एकच विचारतो. तुमच्या उत्तराला माझ्या लेखी सगळ्यात जास्त वजन आहे. तुमच्याकडे इतका तयार झालेला माणूस काढून घेतलेला सुरा चुकून परत देईल का?"

 क्लेमेंटीन कुडाशी उभी होती, तिथून तिला मास्तरांचा चेहरा दिसत होता. त्यांनी हरिश्चंद्रकडे पाहिलं. हरिश्चंद्र त्यांच्याकडे बघत होता, काही न मागता. क्षणभर तिला वाटलं, आता हे खरं बोलतील. आपल्याला काही करावं लागणार नाही. तिने मनात देवाची विनवणी केली.

"नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बसलेला होता. "चुकून नाही देणार."

हवालदाराचं पेन कागदावर टेकलं. हरिश्चंद्रने मान खाली घातली.

क्लेमेंटीन मांडवात शिरली. लाल लुगड्याचा पदर खोचलेला, अनवाणी. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चहाचं विचारायला आली असेल. मास्तर उठून उभे राहत होते, तिच्याकडे अर्धी पाठ होती. "मास्तर!" ती ओरडली, आणि ते वळताच तिने सुरी त्यांच्या बरगडीखालच्या रोखाने मारली. मनापासून मारली. त्या वारात ओट्यावरून पाण्याशिवाय गेलेला हरिश्चंद्र होता, आणि खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं उतू गेलेली आमटीही होती.

त्यांचा हात उठला, पण पूर्वीसारखा नाही. उशिरा उठला. पातं त्यांच्या डाव्या हाताला चाटून गेलं आणि तिला ते कापडातून कातडीत शिरलेलं जाणवलं. पुढच्या क्षणी तिचं मनगट त्यांच्या मुठीत होतं, कोपर फिरलं, बोटं आपोआप उघडली. सुरी त्यांच्या हातात गेली. एवढं झालं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. मग ती सुरी त्यांच्या तळहातावर फिरली, पातं त्यांच्याकडे, मूठ तिच्याकडे. त्यांनी ती तिच्या हातात दिली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

 गंमत म्हणा की शोकांतिका, कडेला बसलेल्या शिपायांना काही वावगं दिसलंच नाही. बाईने वार केला, मास्तरांनी काढला, परत दिला. एकाने तर पकड चांगली झाली म्हणून मान डोलावली. आधी उठले ते धारप. त्यांची खुर्ची मागे पडली. ते क्लेमेंटीनच्या हातातल्या सुरीकडे बघत होते.

आणि मग मास्तरांनीही बघितलं. सुरीकडे, तिच्या मुठीकडे, आपल्या रिकाम्या हाताकडे. त्यांच्या डाव्या बाहीवर लाल डाग पसरत होता, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

"हे तुम्ही दोघांनी ठरवून केलंत का?" धारपांनी हळू आवाजात विचारलं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नाही साहेब," ते म्हणाले. "हिने मला खरंच मारलं. मला कळलं ते. मी माझ्या बायकोच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं, ही मारतेय. तरी मी सुरी परत दिली." ते थांबले. "मला दिल्याचं आठवतच नाही. घेतल्याचं आठवतं."

खांबापाशी हरिश्चंद्रच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला. इतके दिवस तो हेच सांगत होता.

"मगाचं उत्तर खोडा," मास्तर हवालदाराला म्हणाले. "लिहा. त्या पोराने जे केलं ते मी त्याला शिकवलं. सुरा घ्यायला शिकवतोय असं मला वाटत होतं. मी द्यायलाही शिकवत होतो. तो माझा सगळ्यात चांगला चेला होता, म्हणून त्याने दोन्ही केलं."

धारपांनी हवालदाराला हाताने थांबवलं. "मास्तर, हे असं लिहिलं तर तुमची पद्धत वर जाणार नाही. तुम्हाला समजतंय ना?"

"नकोच जायला." मास्तर एकदम गादीवर बसले.  "साहेब, या मांडवातून किती पोलीस गेले. आणि त्याआधी पलटणीत... ते सगळे परत देतील. प्रत्येक जण. सरहद्दीवर कुणी दिलीही असेल, आणि सांगायला उरला नसेल." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लढाईवरून आलेल्या या माणसाला क्लेमेंटीनने कधी रडताना पाहिलं नव्हतं. आता तिला ते बघवेना. तिने सुरी गादीवर ठेवली, पदर फाडला आणि त्यांच्याशेजारी बसून जखम बांधायला घेतली. जखम खोल नव्हती, पण लांब होती.

"लागलं का फार?" तिने विचारलं.

"लागलं," ते म्हणाले. मग तोंडावरचे हात काढून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा नीट मारलंस."

ती रडता रडता हसली आणि मग हसता हसता जास्तच रडली.

मास्तर उठले ते सरळ हरिश्चंद्रसमोर जाऊन उभे राहिले. आता ते काय बोलतील म्हणून सगळ्यांचे कान तिकडे लागले. माफी मागायची रीत मास्तरांना कधी जमली नव्हती आणि आत्ताही जमेना. त्यांनी त्याच्या पोटाच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "तू माझ्याकडे आलास आणि मी तुला पाणी विचारलं नाही," एवढंच ते म्हणाले. हरिश्चंद्र वाकून त्यांच्या पायाला हात लावू लागला, तर पोटात कळ आली आणि तो मध्येच थांबला. मास्तरांनी त्याला धरला. कितीतरी वेळ दोघं तसेच उभे होते, एकमेकांना पकडून. ती पकड मात्र कुठल्याच सरावातली नव्हती.

क्लेमेंटीनने सुरी उचलली. आता ती आत न्यायची, लोंगर कापायचा राहिलाच होता. पण आधी फाटका पदर नीट खोचून घ्यावा म्हणून तिने सवयीने सुरी त्यांच्यापुढे धरली, जरा धरा म्हणून. मूठ पुढे करून. मास्तरांचा हात अर्धा उठला आणि थांबला.

"खाली टाक," ते म्हणाले. "हातात देऊ नकोस. माझ्या नाही, कुणाच्याच नाही. आजपासून या घरात हातातून हातात सुरी द्यायची नाही."

तिने ती जमिनीवर टाकली. मास्तरांनी सुरीवर पाय ठेवला आणि तुकडीकडे वळले.

"सगळे उठा! सुरी काढली की मागे फेकायची आणि पाय रोवायचा. वार करणाऱ्याने स्वतः जाऊन उचलून आणायची. वेळ लागू दे. जोड्या लावा." मग आवाज खाली आला. "हरिश्चंद्र, तुला झटता यायचं नाही. तू खुर्चीवर बस. आज 'पुन्हा' तू म्हणायचं."

धारप जायला निघाले होते, ते जीपपाशी थांबले. क्लेमेंटीनही थांबली, हरिश्चंद्रसाठी भरून आणलेला तांब्या हातात घेऊन. पहिली जोडी पुढे आली. वार झाला. मनगट धरलं, कोपर वळलं, सुरी निघाली. शिपायाने सुरी हातात फिरवली, मूठ पुढे केली, आणि त्याचा हात तिथेच हवेत थिजला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं.

खुर्चीवरून हरिश्चंद्र म्हणाला, "पुन्हा."